येरमाळ्याची दोन मिनिटं

माझ्या कामाचा निम्मा भाग म्हणजे माणसांचे श्वास कापणं. हे वाक्य मी एकदा एका लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या पाहुण्यांना सहज सांगितलं, तर ते ताट उचलून पलीकडच्या पंगतीला गेले. तेव्हापासून बायकोनं तंबी दिली आहे की, कुणी विचारलं तर 'गाणी रेकॉर्ड करतो' एवढंच सांगायचं. पण आता लिहायलाच बसलोय, तर खरं काय ते सांगून टाकतो.

धाराशिवात बाजारपेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर काय काय येतं, म्हणून आधीच सांगतो : दोन खोल्या, मध्ये काच. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर आणि मी, आतल्या खोलीत माईक आणि गाणारा. आतल्या भिंतींना आईनं जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळा खिळ्यांनी ठोकल्या आहेत, कारण वाकळ आवाज पिऊन टाकते आणि खोली घुमत नाही. पुण्याहून आलेल्या एका तज्ज्ञानं त्या बघून नाक मुरडलं होतं. मग आत जाऊन टाळी वाजवली, पुन्हा वाजवली आणि गुपचूप मोबाईलवर वाकळांचे फोटो काढून घेतले.

तर श्वास. माईकसमोर माणूस बोलला की शब्दांबरोबर त्याचा श्वासही रेकॉर्ड होतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं : शब्दांचे मोठे उंचवटे आणि दोन ओळींच्या मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा एक बारीक उंचवटा. तो श्वास. तो निवडायचा आणि पुसायचा. एका गाण्यात असे पन्नास-साठ तरी निघतात. सगळे पुसले की गाणं चकाचक होतं, गिऱ्हाईक ऐकून म्हणतं, "आण्णा, लई भारी! पार मुंबईवानी वाटतंय!" का वाटतंय ते त्याला कळत नाही. मीही सांगत नाही.

गंमत अशी की, मी या धंद्यात आलो तोच मुळी एका श्वासामुळं.

आमचं घर भुसार मालाच्या व्यापाऱ्यांचं. वडील तराजूपुढं आणि मी दुकानाच्या कोपऱ्यात टेपरेकॉर्डर मांडून बसलेला. लोक गाण्यांची यादी आणून द्यायचे, मी त्यांना कॅसेट भरून द्यायचो. वडिलांच्या मते हे काम नव्हतं. माझा एक मावसभाऊ हैदराबादला होता, त्यानं एकदा एक कॅसेट आणली. वर नाव नाही, गाव नाही. लावली तर एक माणूस इंग्रजीत तावातावानं बोलतोय, मागं नुसता ठेका. घरात आईशी कानडी, गल्लीत मराठी, दुकानात गिऱ्हाइकाशी उर्दूमिश्रित हिंदी अशा तीन भाषा मला येत होत्या. ही चौथी काही कळेना. पण दर चार ओळींनी तो माणूस 'हप्' करून हवा आत ओढायचा, ते मात्र स्वच्छ ऐकू यायचं. त्या श्वासावरून मला कळलं की, हा माणूस हे कागदावरून वाचत नाही. हे त्यानं कुठंतरी चार लोकांसमोर उभं राहून पुन्हापुन्हा सांगितलंय, आणि सांगताना त्याचा दम लागलाय. ती कॅसेट मी फीत ताणून लांब होईपर्यंत ऐकली. आई म्हणायची, "ह्याला कुणीतरी पाणी द्या गं." म्हणजे श्वास तिलाही ऐकू येत होता.

म्हणून पुढं पुष्कळ वर्षांनी, आपल्याकडची पोरं 'आण्णा, रॅप करायचंय' म्हणत माडी चढायला लागली, तेव्हा जिल्ह्यात माझ्याइतका खूश माणूस दुसरा नसेल. तोवर मी लग्नाची गाणी, रिक्षावर फिरवायच्या जाहिराती आणि निवडणुकीच्या घोषणा रेकॉर्ड करून विटलो होतो. म्हटलं, आता मजा येणार.

पहिलाच जो आला तो भूमचा. नाव सांगत नाही, आता तो चांगल्या नोकरीला आहे. त्याच्या गाण्यात समुद्र होता, बंदूक होती आणि मागं पोलिसांच्या गाड्या होत्या. भूमला समुद्र सोडा, उन्हाळ्यात नळालाही पाणी नसतं.

मी विचारलं, "बाबा रे, पोलीस तुझ्या मागं कधी लागले?"

"मामा पोलीसमधी हायत ना, आण्णा," तो म्हणाला. "आत्ता तेच सोडून गेले खाली. दोन तासानं न्यायला येतेत."

दुसरे एक जण होते, त्यांना सगळे दादा म्हणायचे. त्यांच्या वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी रॅप करायचं ठरवलं. अट एकच, प्रत्येक ओळीत दादांचं नाव आलं पाहिजे. गाणं झालं. दादा ऐकायला स्वतः आले आणि म्हणाले, "मधून मधून माझं हसणं टाकता येईल का? जरा रुबाबात." आत माईकपुढं उभे राहिले आणि त्यांना हसू येईना. कार्यकर्त्यांनी विनोद सांगितले, एकानं गुदगुल्यांचा विचार बोलून दाखवला. पाऊण तासानं दादा घाम पुसत बाहेर आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "आण्णा, घरी पन असंच झालंय बघा. लई दिवसात हसलोच न्हाय." त्यांच्या गाण्यात मी दुसऱ्याच कुणाचं तरी हसणं घातलं. पण ते जे माझ्या कानाशी बोलले, ते जर ठेक्यावर बोलले असते, तर काय गाणं झालं असतं!

हीच माझी तक्रार आहे. माझं वय बघून लोकांना वाटतं, मला शिव्यांचा राग असेल, कपड्यांचा असेल, मोठ्या आवाजाचा असेल. अजिबात नाही. भुसार बाजारात वाढलेल्या माणसाला शिव्यांचं काय कौतुक सांगता? मला राग येतो तो आळसाचा. ठेका इंटरनेटवरून आयता घ्यायचा, तोच ठेका लातूरचा घेणार, सोलापूरचा घेणार आणि आपलाही घेणार. शब्दांत स्वतःचं गाव नाही, घर नाही, काम नाही. आणि गाणं पाठ नाही. एक ओळ बोलायची, थांबायचं, मोबाईलमध्ये बघायचं, पुढची ओळ बोलायची. मी त्या ओळी एकीला एक चिकटवायच्या, मधले श्वास पुसायचे, सूर वाकडा गेला तर सॉफ्टवेअरनं सरळ करायचा. पाच-पाच वर्षं रॅप करणारी पोरं मी बघितली आहेत, ज्यांनी स्वतःचं एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही म्हटलेलं नाही.

बायकोपुढं ही तक्रार मी रोज जेवताना करायचो. एके दिवशी तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "मग ते चिकटवून कोण देतंय त्यांना?" मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. ते कमी नव्हतं.

नसीमताई आल्या त्या अशा दिवसांत. तिशीच्या आसपासच्या, अंगानं किरकोळ, डोक्यावरून ओढणी. माडी चढून आल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "आण्णा, मला रॅप रेकॉर्ड करायचंय. तुमी हसणार न्हाय ना?" आवाज असा खणखणीत की, खाली दुकानात कापड बघणाऱ्या बायका वर बघायला लागल्या. कारण नंतर कळलं. त्या एसटीत कंडक्टर होत्या. भूम-धाराशिव गाडीवर रोज इंजिनाच्या वर आवाज काढून 'पुढं सरका' म्हणायची सवय. त्या दिवशी त्यांची साप्ताहिक सुट्टी होती.

मी त्यांना आत उभं केलं, कानाला हेडफोन दिला, एक साधा ठेका लावला आणि म्हटलं, "एकेक ओळ म्हणा. चुकली तर परत घेऊ."

"एकेक कशाला? सगळंच म्हणते की," त्या म्हणाल्या. हातात कागदच नव्हता.

आणि त्यांनी सुरू केलं. सगळं इथं देत नाही, त्यांचं आहे. ज्या ओळींवरून पुढचं रामायण झालं, तेवढ्या देतो :

*पुढं सरका, पुढं सरका, दारात थांबू नका कोन,*
*खिडकीपाशी आजी हाय, तिच्यासंगं न्हाय कोन,*
*लेक दिली येरमाळ्याला, गाडी थांबती दोन मिनटं,*
*आजी काय उतरत न्हाय, नुस्ती बघती दोन मिनटं—*

इथं त्या थांबल्या. ठेका चालू राहिला, त्या गप्प. मला वाटलं विसरल्या. ठेक्याचं एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. मग त्यांनी छातीभर हवा आत घेतली, हेडफोनमधून माझ्या कानात ती सर्रकन गेली, आणि पुढची ओळ आली :

*तिकीट हाय येडशीचं, येडशीत तिचं न्हाय कोन.*

कित्येक वर्षांनी कुणीतरी माझ्या माईकपुढं खरंखुरं दमलं होतं. त्या बाहेर आल्यावर मी विचारलं, "ही आजी खरंच आहे का हो?"

"हाय की. दर सोमवारी असती गाडीला. जावयानं 'दारात पाय ठेवायचा न्हाय' म्हनून सांगितलंय. लेकीचं घर स्टँडाच्या समोरच. कधी धुणं वाळत घालाया भायेर येती, कधी येत बी न्हाय. आजी खिडकीतनं बघती. मग येडशीला उतरती आन् समोरच्या गाडीनं माघारी." आणि पुढं म्हणाल्या, "ती कुनाला बोलत न्हाय, आण्णा. म्या बी इचारलं न्हाय. रोजच्या माणसांकडनं कळलं."

आता मी काय केलं ते सांगतो. त्या गेल्यावर मी कॉम्प्युटरपुढं बसलो आणि सवयीनं कामाला लागलो. पहिल्या मिनिटातले श्वास पुसले. मग बाकीचे पुसले. आवाज थोडा खरखरीत होता तो गुळगुळीत केला. ठेक्याचा वेग वाढवला, कारण हल्ली सगळ्यांचा तोच असतो. आणि मग ती रिकामी जागा आली. मोबाईलवर ऐकणारी माणसं, गाणं बंद पडलं असं वाटून बोटानं पुढं सरकवतील, असा मी विचार केला. म्हणून 'दोन मिनटं'ला 'तिकीट हाय' थेट नेऊन चिकटवलं. सांधा असा बेमालूम बसला की, मी स्वतःवरच खूश झालो. मूळ रेकॉर्डिंग डिस्कवर जागा हवी म्हणून पुसून टाकलं. ते मी नेहमीच पुसतो.

नसीमताईंनी तयार गाणं ऐकलं. ऐकून झाल्यावर हसल्या आणि म्हणाल्या, "येरमाळ्याला गाडी थांबलीच न्हाय की ओ, आण्णा."

"ऐकणारा थांबत नाही हो आजकाल," मी म्हणालो.

"बरं. तुमाला कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या. तीस वर्षांत माझ्यावर विश्वास टाकून पुष्कळ लोक हे वाक्य बोलले असतील, पण आज आठवतं ते त्यांनी बोललेलंच.

गाणं चाललं. एका मोबाईलवरून दुसऱ्यावर, रिक्षातून, सलूनमधून, पानाच्या टपरीवरून. नसीमताईंच्या गाडीत कॉलेजची पोरं त्यांच्याच गाण्याच्या ओळी म्हणत चढायला लागली. सासूबाईंनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं होतं, पण शेजारणी 'तुमच्या सुनेचं गाणं' म्हणायला लागल्यावर त्याही निवळल्या, असं ताईंनी फोनवर सांगितलं. मग धाराशिवातल्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं बोलावणं आलं. साउंडचं काम माझ्याकडंच होतं.

इथं बाहेरच्या माणसासाठी एक गोष्ट सांगायला हवी. हल्ली स्टेजवर रॅप करणाऱ्याच्या मागं नुसता ठेका नसतो. त्या ठेक्याखाली त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज बारीक लावून ठेवलेला असतो. त्याला आम्ही खालचा आवाज म्हणतो. गाणाऱ्याचा दम संपला, शब्द विसरला, की साउंडवाल्यानं फेडर, म्हणजे मिक्सरवरची सरकणारी दांडी, थोडी वर सारायची. खालचा आवाज वर येतो, लोकांना पत्ता लागत नाही. बहुतेक सगळे करतात. काही जण तर नुसते ओठ हलवतात आणि माईक लोकांकडं धरतात.

नसीमताई दुपारी स्टेजमागं आल्या, बरोबर नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मुलीला पुढच्या रांगेत बसवून त्या माझ्याकडं आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आण्णा, माझा आवाज खाली लावू नका. म्या म्हणते. रोज म्हणते गाडीत, मनातल्या मनात."

मी म्हटलं, "बरं." आणि तरीही तो खालचा आवाज लावून, दांडी पार तळाला ठेवून दिली. वेळेला असावा म्हणून. वाईट हेतू नव्हता, पण त्यांना दिलेला शब्द मी त्याच मिनिटाला मोडला होता.

त्यांचं नाव पुकारल्यावर मांडव नुसता दणाणला. ठेका सुरू झाला. तो मी वाढवलेल्या वेगाचा ठेका. पहिल्या चार ओळी त्यांनी खणखणीत म्हटल्या. पण लोक गाणं पाठ करून आलेले, तेही बरोबर म्हणत होते, आणि ते म्हणत होते मी चिकटवलेलं गाणं. त्यात श्वास घ्यायला जागाच नव्हती. माझ्याच हातानं मी ती पुसली होती. ताई पाचव्या ओळीला मागं पडल्या, सहावीला ओढून आणलं, आणि 'दोन मिनटं'ला पोचल्या तेव्हा त्यांच्या छातीत हवा उरली नव्हती. त्या थांबल्या. त्यांच्या हिशेबानं ती थांबायचीच जागा होती. पण हजार पोरं 'तिकीट हाय' म्हणून पुढं गेली होती. मागच्या बाजूनं शिट्टी आली. कुणीतरी ओरडलं, "आवाज तिचा न्हायच! मशीनचाय!"

आयोजक माझ्या मागं येऊन उभे राहिले. "आण्णा, चढवा! ट्रॅक चढवा!"

मी दांडी वर सारली.

मांडवात नसीमताईंचा आवाज आला. स्वच्छ, गुळगुळीत, एकही श्वास न घेणारा. आणि नसीमताई स्टेजच्या मधोमध माईक खाली सोडून, तोंड मिटून उभ्या होत्या. त्यांना ओठ हलवायचे कसे ते माहीतच नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी हलवले नसते. गाणं संपेपर्यंत तो आवाज चालला आणि त्या माझ्याकडं बघत राहिल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र त्या दिवशी मिक्सर आवरताना वायरी गुंडाळता येईनात.

त्यानंतर त्यांचा फोन नाही. मी केला तर उचलला नाही. तीन-चार महिने गेले. पोरं येत होती, ओळी चिकटवून नेत होती. मी श्वास पुसत होतो, पण आता प्रत्येक दाणा पुसताना बोट अडायला लागलं. बायकोनं जेवताना एकदा विचारलं, "हल्ली तक्रार करत नाही काय हो रॅपवाल्यांची?" मी म्हणालो, "करायला तोंड हवं ना."

शेवटी एका सोमवारी सकाळी मी भूमला गेलो आणि त्यांच्या गाडीत बसलो. मला बघून त्या तिकिटाचं मशीन पुढं करून म्हणाल्या, "कुठं?"

"धाराशिव," मी म्हटलं. "ताई, माझं चुकलं."

"सुट्टे हायत का?" त्या म्हणाल्या. तिकीट दिलं आणि पुढच्या सीटकडं गेल्या.

गाडी निम्मी रिकामी होती. सगळ्यांची तिकिटं काढून झाल्यावर त्या परत आल्या आणि माझ्या शेजारच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या. बाहेर माळरानं पळत होती. त्या माझ्याकडं न बघता बोलल्या.

"लोकांचं काय न्हाय, आण्णा. पोरं वरडतेत, इसरतेत. पन घरी गेल्यावर पोरगी इचारली, अम्मी, तू तोंड मिटून हुबी हुतीस, मग गाणं कोन म्हणत हुतं? मला सांगता येईना. आता गाडीत कुनी म्हणलं, ते गाणं तुमचंच का, तर म्या न्हाय म्हणते."

मी म्हटलं, "परत करू. तुम्ही म्हणाल तसं. एका दमात, जसं आहे तसं."

"पयलं म्हणलेलं हाय ना तुमच्याकडं? त्यात थांबले हुते म्या."

"नाही," मी म्हटलं. "पुसलं."

त्यांनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग बोटानं पुढं दाखवून म्हणाल्या, "ती पुढची सीट रिकामी हाय. तितं बसा येरमाळ्यापतुर."

त्या सीटच्या पुढं, खिडकीशी एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. मी उठून तिच्या मागं जाऊन बसलो. ज्या आजीचं गाणं मी कापलं होतं, ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि तिला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

येरमाळ्याला गाडी थांबली. माणसं उतरली, चढली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं तसा सगळा खडखडाट थांबला. समोर रस्त्यापलीकडं एक निळं दार, दारापुढं दोरीवर वाळत घातलेले कपडे, पोरांचे सदरे. दार बंद होतं. आजीनं खिडकीची काच सारली नाही, मान पुढं केली नाही, काहीच केलं नाही. नुसती बघत होती. माझ्या डोक्यात सवयीनं ठेका चालू झाला. एक आवर्तन, दोन, दहा. मी ठेका मोजायचा बंद केला. तीस वर्षं रिकामी जागा दिसली की पुसणारा माणूस मी, आणि त्या रिकाम्या जागेत किती काय भरलेलं होतं! दार काही उघडलं नाही.

नसीमताईंनी दोरी दोनदा ओढून डबल बेल दिली. इंजिन सुरू झालं, गाडी हलली, निळं दार मागं गेलं. आणि त्या सगळ्या आवाजात मला, मागच्या सीटवर, आजीनं घेतलेला श्वास ऐकू आला. म्हणजे ती दोन मिनिटं तिनं तो धरून ठेवला होता.

नसीमताई शेजारून जाताना एवढंच म्हणाल्या, "कळलं का आता?"

मी म्हटलं, "व्हय."

पुढच्या सुट्टीला त्या मुलीला घेऊन माडी चढून आल्या. मी ठेक्याचा वेग मूळचा ठेवला. त्यांनी हेडफोन लावला आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाच म्हटलं. मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. खुर्चीच्या दोन्ही दांड्या घट्ट धरून बसलो होतो, कारण माझ्या बोटांचा मला भरवसा नव्हता.

हे नवं गाणं फारसं चाललं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. अजूनही रिक्षात जुनंच वाजतं. ते परत घेता येत नाही. नवं ऐकून दोन-तीन जणांनी मला फोन केला, "आण्णा, फाइल बिघडली का? मधी बंदच पडतंय." मी त्यांना सांगतो की ती बिघडलेली नाही, जरा दम धरा. माझ्याकडं येणाऱ्या पोरांनाही आता आधी गाणं पूर्ण म्हणून दाखवायला लावतो. निम्मी दुसऱ्या स्टुडिओत गेली. राहिलेल्यांपैकी एक जण परवा भूमच्या खव्याच्या भट्टीवर लिहून घेऊन आला होता, वडिलांचं काम. तिसऱ्या ओळीला त्याला धाप लागली. मी काचेतून अंगठा दाखवला.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. रेकॉर्डिंग झाल्यावर नसीमताई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या, मुलगी त्यांना टेकून उभी. मी गाणं लावलं. 'नुस्ती बघती दोन मिनटं' आलं आणि त्यांचा आवाज थांबला. ठेका एकटाच चालत राहिला. मुलीनं आईच्या तोंडाकडं बघितलं. ताईंचे डोळे मिटलेले होते. मग त्यांचा उजवा हात हळूच वर गेला, बसमध्ये घंटीच्या दोरीकडं जातो तसा. हवेतच त्यांनी दोनदा ओढलं, स्पीकरमधून त्यांचा श्वास आला, आणि गाडी सुटली.